पहिली टाकी, पहिली बरणी: पुण्यातल्या नवख्यांसाठी

काचेची टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आले की पुढे काय होणार हे ठरलेलं असतं. पहिले दोन दिवस मासे छान फिरतात. चौथ्या-पाचव्या दिवशी ते वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करायला लागतात आणि दहाव्या दिवसापर्यंत निम्मे गेलेले असतात. दुकानदार म्हणतो पाणी खराब, घरचे म्हणतात मासेच कमजोर होते. खरं कारण अमोनिया. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून तो सतत पाण्यात येतो, आणि नव्या टाकीत तो संपवणारे जिवाणू अजून तयार झालेले नसतात. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. थांबण्याला पर्याय नाही.

म्हणून टाकी जूनच्या सुरुवातीला भरा आणि मासे जुलैच्या मध्याला किंवा शेवटाला आणा. मधले आठवडे रिकामे जात नाहीत. पुण्यात नेमका तोच काळ डबक्यांतले आणि ओल्या मातीतले बिनकण्याचे जीव पाहण्याचा, पाळण्याचा आणि त्यांच्या नोंदी ठेवण्याचा असतो. टाकी तयार होईपर्यंत हात त्या कामाला लावा.

दोन नियम आधीच पक्के करा. दुकानातून आणलेला जीव, मग तो मासा असो, गोगलगाय असो की पाणवनस्पतीचा तुकडा, घराबाहेरच्या पाण्यात कधीही जाणार नाही. आणि बाहेरच्या डबक्यातून आणलेला जीव जिथून आणला तिथेच परत जाईल, माशांच्या टाकीत जाणार नाही. पहिला नियम मोडल्यामुळे काय होतं ते आपल्याच नद्या-धरणांत दिसतं. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आज उजनीच्या जाळ्यात तीच भरभरून येते.

टाकी आणि सामान

पहिली टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच घ्या (६० × ३० × ३० सेंमी), काच ५ मिमी. लहान टाकी सोपी असते हा गैरसमज आहे. दहा लिटरच्या बाउलमध्ये एक मेलेला मासा रात्रीत सगळं पाणी बिघडवतो, पंचेचाळीस लिटरमध्ये तुम्हाला सावरायला एक दिवस तरी मिळतो. ही टाकी वरून तीन सेंमी रिकामी ठेवून भरली आणि तळाची वाळू वजा केली की पाणी साधारण ४५ लिटर राहतं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढची सगळी मापं त्यावरच आहेत.

पाणी, काच, वाळू मिळून वजन ६० ते ६५ किलो होतं. अभ्यासाच्या टेबलावर किंवा शोकेसच्या काचेवर ठेवू नका. पक्क्या कडाप्प्यावर किंवा लोखंडी स्टँडवर, खाली १२ मिमीचा थर्माकोल घालून ठेवा. थर्माकोल नसेल तर खालचा एखादा खडा तळाच्या काचेवर एकाच जागी दाब देतो आणि काच महिन्याभराने तडकते. खिडकीचं थेट ऊन नको, देवघराच्या शेजारी नको (कारण पुढे येईल), आणि प्लगपॉइंट टाकीच्या पातळीच्या खाली असेल तर वायर आधी खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी बोर्डात न जाता झोक्याच्या टोकाला टपकतं.

फिल्टर म्हणून दोन स्पंजांचा स्पंज फिल्टर आणि एक एअर पंप पुरे. दुकानात चकचकीत पॉवर फिल्टर पुढे करतील. तो वाईट नाही, पण बारीक पिल्लं आणि श्रिम्प (छोट्या कोळंब्या) ओढून घेतो. पंपाच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि मग जमिनीवर जातं. थर्मोस्टॅट असलेला ५० वॅटचा हीटर, काचेचा थर्मामीटर, झाकण, सहा-आठ तास लावायचा साधा एलईडी दिवा, दोन बादल्या आणि एक सायफनची नळी. या बादल्यांना साबण लागता कामा नये, त्यांवर मार्करने खूण करून ठेवा.

तळाला आठ किलो बारीक खडी किंवा जाड वाळू, तीन सेंमीचा थर. आणल्यावर मूठभर वाळूवर लिंबू पिळा. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे आणि ती पाणी हळूहळू जड करत राहील. क्रश सँडच्या कडा धारदार असतात, तळाशी चरणाऱ्या माशांच्या मिशा तिने झिजतात. रंगवलेली खडी नकोच.

पाणी कुठलं आहे ते आधी बघा

पुण्यात एकाच सोसायटीच्या टाकीत कॉर्पोरेशनचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र होतं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याचं प्रमाण आठवड्यागणिक बदलतं. खडकवासल्याकडून येणारं धरणाचं पाणी तुलनेने मऊ. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून क्षार घेऊन येतं, शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी ते हेच. पेनासारखं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) घ्या आणि दर आठवड्याला नळाचा आकडा लिहा. तो १५० वरून एकदम ५०० झाला तर टाकीत ओतायच्या आधी कळलं पाहिजे, कारण मासे एखाद्या ठरावीक आकड्यापेक्षा अचानक झालेल्या बदलाने जास्त मरतात. आरओचं पाणी शुद्ध म्हणून तेच भरू नका, त्यात माशांना लागणारे क्षारच उरत नाहीत. जड पाणी सौम्य करायला ते मिसळता येतं.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन कल्ले जाळतो आणि फिल्टरमधले जिवाणू मारतो. दुकानात अँटिक्लोरीन म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटोवाल्यांचा हायपो. खडे आणलेत तर १० ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा आणि हे द्रावण दर लिटर पाण्याला १ मिली या मापाने घाला, दहा लिटरच्या बादलीला १० मिली. ढवळा, दहा मिनिटं थांबा. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा घरोघरी तुरटी फिरवतात. ते पाणी टाकीत नको, तुरटीने पाण्याचा सामू (पीएच) खाली येतो. तांब्याच्या हंड्यातलं पाणीही नको. आपल्याला ते आरोग्याचं वाटतं, पण तांब्याच्या अगदी थोड्या अंशाने श्रिम्प आणि गोगलगायी मरतात.

गुरुवार लक्षात ठेवा. दुरुस्तीसाठी शहरात पाणी बंद ठेवायचं असलं तर तो वार बहुधा गुरुवार असतो, आणि शुक्रवारी पाणी उशिरा, कमी दाबाने आणि कधी गढूळ येतं. म्हणून पाणी बदलण्याचा वार रविवार ठेवा आणि गुरुवारी माशांना उपास. त्या दिवशी जास्त खाणं पडून पाणी बिघडलं तर बदलायला घरात पाणीच नसतं.

जिवाणू वाढवणं

टाकी भरली, फिल्टर सुरू केला, हीटर २७ अंशांवर लावला. आता जिवाणूंना खायला अमोनिया हवा. त्यासाठी मासे बळी देण्याची गरज नाही, नवसागर पुरतो. कल्हईवाले भांड्यांवर वापरतात तोच, म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र बाजारातला नवसागर अशुद्ध असतो, तेव्हा प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध घ्या आणि शाळेत असाल तर आणताना, मोजताना घरातलं मोठं माणूस सोबत असू द्या. १० ग्रॅम नवसागर अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचे १३ ते १४ मिली ४५ लिटरच्या टाकीत घातले की अमोनिया लिटरमागे साधारण २ मिलिग्रॅम होतो. त्याहून जास्त घालू नका, अति अमोनियाने हेच जिवाणू अडतात. तपासायला थेंबांचं टेस्ट किट घ्या, कागदी पट्ट्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

पहिला आठवडा काहीच होत नाही आणि इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. नंतर अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद काढून घेतं. किटमधली नळी गडद जांभळी होते आणि दोन-तीन आठवडे तशीच राहते. अमोनिया शून्यावर आला की नवसागराची तीच मात्रा पुन्हा द्या. मग एका सकाळी नळी निळी दिसते: नायट्राइट संपलेलं असतं, नायट्रेट झालेलं असतं. आज मात्रा घातली आणि चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, असं लागोपाठ दोनदा दिसलं की टाकी तयार. सत्तर टक्के पाणी बदला, म्हणजे साठलेलं नायट्रेट खाली येईल.

मध्येच सगळं थांबलं तर सामू बघा. हे जिवाणू काम करताना पाण्यातला क्षारभाग खातात. मऊ पाण्यात तो लवकर संपतो, सामू साडेसहाच्या खाली जातो आणि ते झोपतात. अर्धा सपाट चमचा खाण्याचा सोडा मगभर पाण्यात विरघळवून घाला, दोन दिवसांत काम पुन्हा सुरू होतं. ओळखीच्या कुणाची वर्षभर जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला स्पंज तुमच्या पाण्यात पिळून घ्या, महिन्याचं काम पंधरा दिवसांवर येतं. आणि पुढे आयुष्यभर: स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस. तो स्वच्छ पांढरा करण्याच्या नादात महिन्याची कमाई नाल्यात जाते.

मधले आठवडे: वाळक्या चिखलातलं पाणी

पावसाआधी, मे महिन्यात, दरवर्षी जिथे डबकं साठतं अशा जागेची वाळलेली माती पाव किलो खरवडून आणा. वरचा दोन सेंमीचा थर पुरे. गावाकडच्या शेताचा कोपरा, सोसायटीचं कच्चं पार्किंग, ओळखीच्यांचा प्लॉट, अशी परवानगीची जागा घ्या. टेकड्यांचा बराचसा भाग वन विभागाकडे आहे, आणि ताम्हिणी, भीमाशंकर, मयूरेश्वर ही अभयारण्यं आहेत. तिथे फोटो काढायचे, काही उचलायचं नाही.

ही माती पांढऱ्या पसरट टबात घाला आणि वरून हळूहळू पाच लिटर पाणी सोडा. पहिल्या दोन-तीन सरींनी छत धुऊन गेल्यावर धरलेलं पावसाचं पाणी उत्तम, नाहीतर क्लोरीन काढलेलं. पाण्याची खोली आठ-दहा सेंमी. टबावर मच्छरदाणीचं कापड ताणून इलास्टिकने घट्ट बसवा. हे टाळता येणार नाही. उघड्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, आणि अळ्या सापडल्या तर महापालिका नोटीस काढून दंड करते. मातीतूनच डासांच्या अळ्या निघाल्या तर गाळणीने काढून घ्या, पुढे त्यांचा उपयोग आहे. टब उजेडाच्या सावलीत ठेवा.

चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी रात्री टॉर्च मारा. पाण्यात ठिपके उड्या मारताना दिसतील. काही शिंपल्यासारखे दोन झडपांचे, तळाशी घरंगळणारे. काही पाण्यातल्या पिसवा, झटके देत वर चढणाऱ्या. आणि नशीब असेल तर फेअरी श्रिम्प. प्रत्येक मातीत ते नसतात, म्हणून दोन-तीन जागांची माती वेगवेगळ्या टबांत घाला. त्यांची अंडी कोरड्या मातीत कैक वर्षं टिकतात आणि भिजली की दोन दिवसांत फुटतात, कारण डबकं आटायच्या आत सगळं आयुष्य उरकायचं असतं.

फेअरी श्रिम्प दहा-पंधरा दिवसांत एक-दीड सेंमीचा होतो. एक काचेच्या ग्लासात घ्या आणि जवळून बघा. शरीर इतकं पारदर्शक की आतड्यातली हिरवट रेघ डोकं ते शेपटी दिसते. तो उताणा पोहतो, पोट वर. पायांच्या अकरा जोड्या, एखाद्या झालरीवरून वारा जावा तशी लाट मागून पुढे जाते. आता खोलीत अंधार करा आणि टॉर्च ग्लासच्या तळाखाली धरा. तो पलटी खातो. पोट उजेडाकडे ठेवायचं एवढंच त्याला कळतं, आणि निसर्गात उजेड वरूनच येतो.

खाणं: तिसऱ्या दिवसापासून चिमूटभर यीस्ट अर्ध्या कपात कालवून त्यातला एक चमचा रोज. पाणी जेमतेम धूसर व्हावं. वास आला तर खाणं जास्त झालं, निम्मं पाणी बदला. सगळं संपल्यावर टब तसाच वाळू द्या, माती कागदी पिशवीत भरून वर जागा आणि तारीख लिहा. पुढच्या जूनमध्ये हीच माती पुन्हा भिजवायची. उरलेली मूळ जागी टाकून या.

चतुराची अळी

गच्चीतल्या हौदात किंवा शेततळ्याच्या कडेला स्वयंपाकघरातली गाळणी काठीला बांधून फिरवली की चतुराच्या किंवा टाचणीच्या (चतुराचा सडपातळ भाऊबंद) अळ्या मिळतात. टाचणीच्या अळीला मागे तीन पानांसारखे कल्ले असतात, चतुराची आखूड आणि जाड. एका बरणीत एकच अळी ठेवा, दोन ठेवल्या तर सकाळी एक उरते. एक लिटरची रुंद तोंडाची बरणी, तळाला थोडी वाळू, आणि पाण्याबाहेर पंधरा सेंमी येईल अशी खरबरीत काडी. काडी नसेल तर अळी पंख फुटायच्या रात्री वर चढू शकत नाही आणि बुडून मरते. ही चूक सर्रास होते. रोज आठ-दहा डासांच्या अळ्या खायला द्या, मघाच्या टबातल्याच. दर तिसऱ्या दिवशी निम्मं पाणी बदला. बरणीलाही कापड लावा, मात्र काडीच्या वर मोकळी जागा ठेवून.

अळी खायचं सोडून पृष्ठभागाजवळ बसू लागली, पंखांच्या पिशव्या फुगल्या, की दोन-तीन दिवसांत काम होतं, बहुधा रात्री. ती काडीवर चढून घट्ट धरते, पाठ उभी फाटते, आतून चतुर अर्धा बाहेर येऊन मागे लोंबकळतो, थोडा वेळ निपचित राहतो, मग एकदम वर उसळी घेऊन शेपटी ओढून काढतो. पंख आधी चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे असतात. या वेळी हात लावू नका, पंख्याचा वारा नको. सकाळी उजाडल्यावर बरणी जिथून आणली तिथे नेऊन कापड काढा.

काडीवर त्याची कात राहते. मिशा, डोळ्यांची टोपणं, पुढे फेकून भक्ष्य पकडणारा खालचा ओठ, सगळं जसंच्या तसं. संग्रहात ठेवायचं ते हे. नवख्याचा संग्रह मेलेल्या आणि टाकलेल्या वस्तूंचा असावा: काती, रिकामे शंख-शिंपले, ट्यूबलाइटच्या कव्हरमध्ये पडलेले भुंगे. जिवंत कीटक मारून टोचण्याची गरज नाही. काही फुलपाखरं आणि भुंगे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतच आहेत.

कात हवेशीर वाळवून झाकणाच्या डबीत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. पावसाळ्यात बुरशी धरते आणि मुंग्या रात्रीत डबी रिकामी करतात. प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठी, पेन्सिलने, कारण शाई ओलाव्याने फुटते. चिठ्ठीवर जागा (नुसतं ‘पुणे’ नको, ‘पाषाण, गच्चीतला हौद, पहिला मजला’), तारीख, कोणी गोळा केलं आणि कशावर मिळालं. नाव माहीत नसेल तर रिकामं सोडा. नाव नंतर कुणीही सांगू शकतं, जागा आणि तारीख तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसते. १९११ च्या सुमारास शंकर पुरुषोत्तम आघारकरांना सह्याद्रीतल्या नद्यांमध्ये गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला, तोपर्यंत भारतात असं काही आहे याची नोंदच नव्हती. ते वनस्पतिशास्त्राचे, तरी जे दिसलं ते नेमक्या जागेसकट टिपलं. पुण्यातली आघारकर संशोधन संस्था त्यांच्याच नावाची. आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथल्या संग्रहातही प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी असते.

जपायचं ते एवढंच: खाणींच्या पाण्यात उतरू नका, काठ सरळ खोल असतात. मुळा-मुठेच्या पात्रातून काही गोळा करू नका, त्यात सांडपाणी आहे. पायाला जखम असेल तर पावसाळी चिखलात जाऊ नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. दगड उलटवलात तर काठीने, पलीकडची कड उचलून आपल्याकडे झुकवा, आणि होता तसा परत ठेवा.

आता मासे

४५ लिटरमध्ये आठ झेब्रा, किंवा सात-आठ गप्पी, सगळे नर. दोन्हींपैकी एकच. झेब्रा आपल्याच उपखंडातला, काटक, पुण्याच्या थंडीतही तगतो, आणि तो इतका भरवशाचा की जगभरच्या प्रयोगशाळांत, पुण्यातल्या आयसर या विज्ञान संस्थेतही, त्याच्यावर संशोधन चालतं. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. त्याची एक मादी आणलीत तर महिन्याला वीस-तीस पिल्लं होतील, आणि नर नसतानाही कित्येक महिने होत राहतील, कारण ती शुक्राणू साठवून ठेवते. निऑन टेट्रा अमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. बोअरचं पाणी असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, आणि नसलं तरी सहा महिने थांबा. फायटर एकटा, वेगळ्या टाकीत.

काय नको ते जास्त महत्त्वाचं. सकर काच साफ करतो म्हणून गळ्यात मारतात, तो दीड फुटाचा होतो. शार्क म्हणून विकलं जाणारं करडं पिल्लू पंगासिअस असतं, नदीत मीटरभराचं होतं. ऑस्कर, रेडटेल कॅटफिश, गार, सगळ्यांची हीच कथा, आणि मोठे झाले की लोक ते तलावात सोडतात. समुद्री घोडा, प्रवाळ, समुद्रकाकडी कायद्याने संरक्षित, घरात ठेवणं गुन्हा आहे. एशियन अरोवानासारखे सायटीसच्या (धोक्यातल्या जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले जीव बाळगायचे तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन विभागाकडे नोंदणी लागते. नवख्याने त्या भानगडीत पडू नये.

दुकानात पाच मिनिटं उभे राहा. ज्या टाकीत एकही मासा मेलेला, पंख मिटलेला किंवा दगडाला अंग घासणारा दिसला तिथला कुठलाच घेऊ नका. घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी पिशवीत, असं अर्धा-पाऊण तास. शेवटी जाळीने फक्त मासे टाकीत, पिशवीतलं पाणी मोरीत. पहिल्यांदा चारच आणा, उरलेले दोन आठवड्यांनी. हे नंतरचे मासे स्पंज फिल्टर लावलेल्या वेगळ्या वीस लिटरच्या टबात पंधरा दिवस ठेवून मगच सोडा.

खाणं दिवसातून एकदा, दीड मिनिटात संपेल एवढंच. झेब्र्याला खाणं अगदी थोडं लागतं. रविवारी सायफनने तळाचा गाळ ओढत पाव टाकी पाणी काढा, तेवढंच क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं घाला. हीटर आधी पंधरा मिनिटं बंद करा, तापलेली नळी हवेत उघडी पडली की फुटते.

चेरी श्रिम्प आणायचे तर टाकी तीन महिन्यांची होऊ द्या, आणि गप्पी-झेब्रा पिल्लं खातात हे धरून चाला. त्यांना पाण्याशी जुळवायला नळीला गाठ मारून सेकंदाला दोन थेंब, दोन तास. गोगलगायींचे शंख पांढरे पडून खड्डे पडू लागले तर पाण्यात कॅल्शियम कमी आहे. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, त्याचा बोटभर तुकडा टाका.

पुण्यातल्या घरात काय बिघडतं

सगळ्यात घातक वस्तू म्हणजे डासांचं लिक्विड आणि कॉइल. त्यांतली पायरेथ्रॉइड द्रव्यं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण मासे, श्रिम्प आणि तुमच्या बरण्यांमधल्या अळ्यांना थोडीही पुरतात, आणि एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत मच्छरदाणी वापरा. सोसायटीत धुराची फवारणी आली की खिडक्या बंद, पंप बंद, टाकीवर ओलं कापड, तासाभराने हवा मोकळी करून पंप सुरू. गणपतीतला धूप आणि दिवाळीतल्या फटाक्यांचा धूर, तीच काळजी.

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बाहेरचा पारा दहा-बाराला येतो, तेव्हा हीटर हवाच. एप्रिल-मेमध्ये पाणी ३२ वर जातं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. झाकण काढून जाळी ठेवा, छोटा पंखा पृष्ठभागावर तिरका लावा, दोन-तीन अंश उतरतात. आटलेलं पाणी आरओच्या पाण्याने भरा, कारण वाफ होते ती पाण्याची, क्षार मागेच राहतात. वीज गेली तर बॅटरीचा पंप, तो नसेल तर दर अर्ध्या तासाने मगाने पाणी उंचावरून दोन मिनिटं ओता आणि वीज येईपर्यंत खाणं नाही.

अंगावर रव्यासारखे पांढरे दाणे दिसले तर तो व्हाइट स्पॉट. दाणे नाहीसे झाले म्हणून उपचार थांबवू नका. परजीवी दाण्यात असताना औषधाला दाद देत नाही, पाण्यात सुटून पोहतो तेव्हाच मरतो. तापमान दोन दिवसांत हळूहळू ३० वर न्या, लिटरमागे २ ग्रॅम जाडं मीठ विरघळवून थोडंथोडं घाला, हवा वाढवा, आणि शेवटचा दाणा गेल्यावर आणखी सात दिवस तसंच ठेवा. श्रिम्प-गोगलगायी त्याआधी दुसरीकडे हलवा. तांबं असलेली औषधं त्यांच्या टाकीत कधीच नकोत.

मेलेला मासा संडासात टाकू नका, कुंडीत चार बोटं खोल पुरा. पिल्लं जास्त झाली तर दुकानदाराला परत द्या किंवा ज्याची टाकी तयार आहे अशा मित्राला, सोबत तुमचा पिळलेला स्पंजही द्या. गावाला आठ दिवस जायचं असेल तर दोन दिवस आधी पाणी बदला आणि माशांना उपाशी ठेवून निर्धास्त जा, मोठा मासा आठवडा सहज काढतो. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजाऱ्यांकडे डबा देऊ नका. एकेका वेळेच्या खाण्याच्या कागदी पुड्या बांधून, वर तारीख घालून द्या, एक दिवसाआड एक. बरण्यांमधल्या अळ्या मात्र निघण्याआधी त्यांच्या हौदात परत सोडून या.